विजेचा परिपथ कसा चालतो: दोन सेल आणि एका बल्बापासून घरच्या वायरिंगपर्यंत

विजेची शाळेत शिकलेली सूत्रे अनेकांच्या लक्षात राहतात, पण घरातला एखादा दिवा लागेनासा झाला की त्या सूत्रांचे काय करायचे ते सुचत नाही. सूत्रांच्या आधी पक्की व्हायला हवी अशी एक गोष्ट शिकवण्याच्या घाईत मागे राहते, हे त्याचे कारण आहे. वीज ज्या उगमातून निघते त्याच उगमाकडे तिला परत जायचे असते आणि परतीची वाट पूर्ण असेल तरच ती मुळात निघते. दिवा लागणे, एमसीबी (जास्त प्रवाह वाहिल्यास आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) पडणे, शॉक बसणे, वायरचा सांधा जळणे या वरवर वेगळ्या दिसणाऱ्या घटना याच एका गोष्टीच्या आधाराने समजून घेता येतात. या लेखात आपण पेन्सिल सेलवर काही परिपथ स्वतः जोडू, मल्टिमीटरने त्यांची मोजमापे घेऊ आणि मग तीच नजर घेऊन घरच्या वायरिंगकडे वळू.

एक अट सुरुवातीलाच सांगणे आवश्यक आहे. येथील सर्व प्रयोग सेलवरचे आहेत. घरातील २३० व्होल्टच्या जोडणीवर त्यांतला एकही करून पाहू नये. लेखाचा शेवटचा भाग घरातील जोडणी समजावी यासाठी आहे, ती उघडून पाहण्यासाठी नाही.

साहित्य

चार पेन्सिल सेल, दोन-दोन सेल बसतील असे दोन होल्डर, २.५ व्होल्ट व ०.३ अँपिअर असे लिहिलेले टॉर्चचे दोन बल्ब आणि त्यांचे होल्डर, एक लाल एलईडी, ४७० ओहम आणि १ किलोओहमचे दोन-दोन रेझिस्टर, एक लहान स्विच, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप असलेल्या सहा-सात वायरी आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर एवढे सामान पुरते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात हे सर्व एका फेरीत मिळू शकते. रेझिस्टरवर आकडे छापलेले नसतात, रंगांचे पट्टे असतात. पिवळा, जांभळा आणि तपकिरी म्हणजे ४७० ओहम, तर तपकिरी, काळा आणि लाल म्हणजे १ किलोओहम; चौथा सोनेरी पट्टा असेल तर मूल्यात पाच टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो.

सेल साधेच घ्यावेत. मोबाईलमधली किंवा पॉवर बँकमधली लिथियमची बॅटरी या कामाला अजिबात वापरू नये, कारण तिच्या दोन टोकांना चुकून वायर लागली तर फार मोठा प्रवाह वाहून वायर लालभडक होते आणि बॅटरी पेट घेऊ शकते. पेन्सिल सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतच प्रवाहाला होणारा अडथळा, तुलनेने जास्त असतो, त्यामुळे तशी चूक झाली तरी सेल आणि वायर गरम होण्यावर ती निभावते. अर्थात तेव्हाही वायर लगेच काढली पाहिजे.

पहिली पायरी: एक पूर्ण फेरी

होल्डरमध्ये दोन सेल बसवावेत. त्यांची मिळून ३ व्होल्ट बॅटरी होते. आता एकच वायर घेऊन बॅटरीचे धन टोक बल्बच्या तळाच्या बिंदूला जोडावे. बल्ब लागणार नाही. तीच वायर बल्बच्या आट्यांच्या धातूला लावून पाहावी, तरीही लागणार नाही. मग दुसरी वायर घेऊन बॅटरीचे ऋण टोक बल्बच्या उरलेल्या टोकाला जोडावे, की बल्ब लागतो. बॅटरीच्या धन टोकापासून वायर, तळाचा बिंदू, फिलॅमेंट, आट्यांचा धातू, दुसरी वायर आणि बॅटरीचे ऋण टोक अशी अखंड वाट आता तयार झाली आहे. ती बॅटरीच्या आतूनही पुढे जाते, हे सहसा विसरले जाते. ही जी बंद वाट, तिलाच परिपथ म्हणतात.

आता दोन्ही वायरी बल्बच्या तळाच्या एकाच बिंदूला लावल्या तर काय होईल, याचा प्रत्यक्ष न करता विचार करावा. वाट पूर्ण आहे, पण ती फिलॅमेंटमधून जात नाही. बल्ब अंधाराच राहील आणि बॅटरी मात्र जोराने रिकामी होत राहील. शॉर्ट सर्किट म्हणतात ते हेच. बल्ब न लागण्याची दोन अगदी उलटी कारणे आपल्याला पहिल्याच पायरीवर भेटली: वाट कुठेतरी तुटलेली आहे, किंवा वाट पूर्ण आहे पण बल्बला वगळून गेली आहे.

विजेचा प्रवाह समजावताना नळाच्या पाण्याची उपमा नेहमी दिली जाते आणि दाब म्हणजे व्होल्टेज, धार म्हणजे प्रवाह एवढ्यापुरती ती उपयोगीही आहे. मात्र नवशिक्याला ती एका ठिकाणी हमखास फसवते. नळ फुटला तर पाणी बाहेर सांडते, वायर तुटली तर वीज सांडत नाही, थांबते, आणि तीही तुटलेल्या जागेच्या पुढेच नव्हे, तर संपूर्ण फेरीत एकाच वेळी थांबते. ‘वीज दिव्यापर्यंत पोहोचते आणि तिथे खर्च होते’ ही समजूत त्या उपमेतून येते. प्रत्यक्षात दिव्यात जेवढा प्रवाह शिरतो तेवढाच बाहेर पडतो. खर्च होते ती ऊर्जा.

स्विच दाबताच दिवा लागतो म्हणून वायरीतले इलेक्ट्रॉन फार वेगाने धावत असतील असे वाटते. १.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीत १ अँपिअर प्रवाह असताना इलेक्ट्रॉन सरासरीने सेकंदाला मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढेच पुढे सरकतात. पण इलेक्ट्रॉन संपूर्ण वायरीत आधीपासूनच भरलेले असतात आणि स्विच दाबल्यावर विद्युत क्षेत्र जवळपास तत्क्षणी सर्वत्र प्रस्थापित होते, त्यामुळे सगळे एकदमच हलू लागतात. प्रवाहाची दिशा धनाकडून ऋणाकडे मानण्याची पद्धत इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याच्या, म्हणजे १८९७ च्या, आधीची आहे. इलेक्ट्रॉन उलट दिशेने जातात हे खरे असले तरी परिपथाची गणिते जुन्या पद्धतीनेच अचूक येतात, म्हणून ती बदललेली नाही.

दुसरी पायरी: मोजायला शिकणे

परिपथात तीन राशींचा विचार करावा लागतो. व्होल्टेज, म्हणजेच विभवांतर, हे नेहमी दोन बिंदूंमधले असते, ‘या वायरीत किती व्होल्ट आहेत’ हा प्रश्न दुसरा बिंदू सांगितल्याशिवाय अपुरा राहतो. प्रवाह एखाद्या जागेतून जातो आणि तो अँपिअरमध्ये मोजतात. रोध हा त्या घटकाचा गुण असतो आणि तो ओहममध्ये मोजतात. मोजण्याची रीत या स्वरूपावरूनच ठरते.

व्होल्टेज मोजताना परिपथ तोडायचा नाही. मल्टिमीटरची काळी वायर ‘कॉम’ असे लिहिलेल्या छिद्रात आणि लाल वायर व्होल्टच्या छिद्रात घालून, बटण डीसी व्होल्टवर फिरवून, दोन टोके दोन बिंदूंना टेकवायची. प्रवाह मोजताना मात्र परिपथ एका जागी तोडून मल्टिमीटर त्या फटीत बसवावा लागतो, कारण प्रवाह त्याच्यातून जायला हवा. रोध मोजताना घटक परिपथातून बाहेर काढलेला असावा. वीज चालू असताना ओहमवर लावलेला मीटर टेकवला तर आकडा चुकतोच, शिवाय मीटरही बिघडू शकतो.

सर्वांत घातक चूक प्रवाह मोजल्यानंतर होते. लाल वायर अँपिअरच्या छिद्रातच राहते आणि पुढच्या वेळी त्याच अवस्थेत मीटर बॅटरीच्या दोन टोकांना टेकवला जातो. अँपिअरवर मीटरचा स्वतःचा रोध जवळपास शून्य असतो, त्यामुळे आपण मीटरनेच शॉर्ट सर्किट केलेले असते. स्वस्त मीटरच्या १० अँपिअरच्या छिद्राला अनेकदा आत फ्यूजही नसतो. प्रवाह मोजून झाला की लाल वायर लगेच व्होल्टच्या छिद्रात परत लावायची, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

आता मोजमाप सुरू करू. बल्ब न जोडता बॅटरीच्या टोकांमध्ये मोजले तर नव्या सेलवर ३ व्होल्टच्या किंचित वर आकडा येईल. बल्ब लावून पुन्हा मोजावे. आकडा थोडा उतरलेला दिसेल. ही घट बॅटरीच्या अंतर्गत रोधामुळे आहे. जुना सेल नुसता मोजला तर चांगला भासतो आणि बल्ब लावताच कोसळतो, तेही याच कारणाने. म्हणून सेल तपासायचा तर लोड, म्हणजे बल्बसारखे वीज वापरणारे काहीतरी, लावूनच तपासावा.

दुसरे मोजमाप त्याहून बोलके आहे. बल्ब बाहेर काढून त्याचा रोध मोजावा. तो एका ओहमच्या आसपास भरेल. बल्बवर २.५ व्होल्ट आणि ०.३ अँपिअर लिहिलेले आहे, त्यावरून रोध ८ ओहमच्या पुढे यायला हवा. दोन्ही आकडे बरोबर आहेत. थंड टंगस्टनचा रोध कमी असतो आणि तापून पांढरा प्रकाश देऊ लागल्यावर तो अनेक पटींनी वाढतो. फिलॅमेंटचे बल्ब बहुधा स्विच दाबण्याच्या क्षणीच का जात असत, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे, कारण त्या क्षणी थंड फिलॅमेंटमधून नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह धावतो.

तिसरी पायरी: ओहमचा नियम प्रत्यक्ष वापरणे

जर्मन शिक्षक गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम एका ओळीचा आहे: व्होल्टेज म्हणजे प्रवाह गुणिले रोध. त्याचा खरा उपयोग एलईडीला रेझिस्टर निवडताना कळतो. एलईडी हा बल्बसारखा वागत नाही. लाल एलईडीमध्ये सुमारे २ व्होल्टच्या खाली जवळजवळ काहीच प्रवाह जात नाही, आणि त्याच्या वर व्होल्टेज जरासे वाढले तरी प्रवाह झपाट्याने वाढतो. म्हणून त्याला बॅटरीला थेट जोडले तर तो जळतो. प्रवाहावर मर्यादा घालण्याचे काम रेझिस्टरने करायचे असते.

दोन्ही होल्डर एकापुढे एक जोडून ६ व्होल्ट करून घ्यावेत. एलईडी २ व्होल्ट घेईल, म्हणजे ४ व्होल्ट रेझिस्टरच्या वाट्याला येतील. साधारण १० मिलिअँपिअर प्रवाह पुरेसा प्रकाश देतो. ४ व्होल्टला ०.०१ अँपिअरने भागले तर ४०० ओहम येतात. बाजारात त्याच्या जवळचे ४७० चे मूल्य सहज मिळते, आणि तेवढ्याने प्रवाह ८.५ मिलिअँपिअर होतो. एलईडीचा लांब पाय धन बाजूला ठेवून हा परिपथ जोडावा आणि रेझिस्टरच्या दोन टोकांमधले व्होल्टेज मोजावे. ते ४ च्या आसपास असेल. त्याला ४७० ने भागले की परिपथ न तोडताच प्रवाह कळला. दुरुस्ती करणारे प्रवाह बहुधा असाच काढतात. मग ४७० च्या जागी १ किलोओहम लावावा. प्रवाह निम्म्याहून कमी होईल, प्रकाश मंदावेल, पण एलईडीवरचे व्होल्टेज जवळपास तेवढेच राहील. एलईडी उलटा जोडल्यास तो लागणार नाही, कारण त्याच्यातून प्रवाह एकाच दिशेने जातो.

रेझिस्टर एलईडीच्या आधी लावायचा की नंतर, असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. कोणत्याही बाजूला लावला तरी चालतो, कारण फेरी एकच आहे आणि तिच्यात प्रत्येक जागी प्रवाह तोच असतो. हे उत्तर पटले असेल तर पहिली पायरी नीट समजली आहे असे मानायला हरकत नाही.

चौथी पायरी: एकसर आणि समांतर

दोन बल्ब एकापुढे एक जोडून ते ३ व्होल्टच्या बॅटरीला लावावेत. ही एकसर जोडणी. वायरमन तिला सिरीज म्हणतात. दोन्ही बल्ब मंद लागतील आणि प्रत्येकावर साधारण दीड व्होल्ट दिसेल. आता एक बल्ब होल्डरमधून काढावा. दुसराही विझेल, हे अपेक्षितच आहे. पण रिकाम्या होल्डरच्या दोन टोकांमधले व्होल्टेज मोजले तर तेथे संपूर्ण ३ व्होल्ट मिळतील, आणि जागेवर असलेल्या, न लागलेल्या बल्बवर शून्य. या निष्कर्षावर थोडे थांबावे. प्रवाहच नाही, म्हणून शाबूत बल्बमध्ये व्होल्टेजची घट होत नाही आणि उगमाचे सगळे व्होल्टेज तुटलेल्या जागेवर येऊन उभे राहते. परिपथ जेथे तुटलेला असतो तेथे वीज नसते असे आपण समजतो, आणि प्रत्यक्षात पूर्ण व्होल्टेज नेमके तेथेच असते.

आता दोन्ही बल्ब स्वतंत्र वायरींनी बॅटरीच्या त्याच दोन टोकांना जोडावेत. ही समांतर जोडणी. दोन्ही बल्ब पूर्ण तेजाने लागतील, एक काढला तरी दुसरा चालू राहील. प्रत्येक शाखेतील प्रवाह आणि बॅटरीतून निघणारा एकूण प्रवाह वेगवेगळे मोजले तर शाखांची बेरीज एकूण प्रवाहाएवढी येते. एका बिंदूत शिरणारा प्रवाह त्याच्यातून बाहेर पडणाऱ्या प्रवाहाएवढाच असतो आणि बंद फेरीतील सर्व व्होल्टेजची बैजिक, म्हणजे धन-ऋण चिन्हांसह केलेली, बेरीज शून्य असते, हे दोन नियम गुस्टाफ किर्खहोफ यांनी १८४५ मध्ये, विद्यार्थी असतानाच मांडले. मोठ्यात मोठ्या परिपथाची आकडेमोडही याच दोन नियमांवर उभी असते.

समांतर जोडणीत शाखा वाढवल्या की एकूण रोध कमी होतो, हे पहिल्यांदा विचित्र वाटते. ४७० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडून मोजले तर २३५ ओहम येतात. रेझिस्टर वाढवला म्हणजे अडथळा वाढला असे येथे होत नाही, कारण परतीची आणखी एक वाट उघडलेली असते. घरात एकामागून एक उपकरणे चालू केल्यावर मुख्य वायरीवरचा प्रवाह का वाढत जातो, ते यावरून कळते.

एकसर जोडणीचे एक गणित येथेच करून ठेवू, पुढे ते लागणार आहे. २३० व्होल्टसाठी बनवलेले ६० वॉट आणि १०० वॉटचे फिलॅमेंटचे दोन बल्ब एकसर जोडून २३० व्होल्टला लावले, तर जास्त प्रकाश कोणता देईल? व्होल्टेजच्या वर्गाला वॉटने भागले की रोध मिळतो: ६० वॉटच्या बल्बचा सुमारे ८८२ ओहम आणि १०० वॉटच्या बल्बचा ५२९ ओहम. प्रवाह दोघांत एकच असल्याने जास्त रोधाच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येते. ६० वॉटच्या बल्बवर सुमारे १४४ व्होल्ट पडतात आणि दुसऱ्यावर ८६, त्यामुळे ६० वॉटचाच जास्त उजळतो. फिलॅमेंट जास्त तापले की रोध आणखी वाढत असल्याने प्रत्यक्षातला फरक या आकड्यांपेक्षाही ठळक असतो.

पाचवी पायरी: बिघाड शोधण्याची रीत

लागत नसलेल्या परिपथात अंदाजाने वायरी हलवत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकाला क्लिपने कायम लावून ठेवावी आणि लाल टोक धन टोकापासून निघून परिपथाच्या वाटेने एकेका सांध्यावर टेकवत जावे. स्विचच्या आधी ३ व्होल्ट, स्विचच्या नंतर ३ व्होल्ट, बल्बच्या होल्डरच्या पहिल्या टोकाला ३ व्होल्ट, असे करत ज्या दोन सांध्यांमध्ये आकडा अनपेक्षितपणे बदलतो तेथे दोष आहे. बल्बच्या दोन्ही टोकांना ३ व्होल्ट आले आणि बल्ब लागत नसेल, तर येणारी वाट ठीक आहे आणि परतीची तुटलेली आहे. ही शक्यता तपासायचे बहुतेक जण विसरतात आणि त्यामुळे चांगला बल्ब बदलला जातो.

तिसऱ्या प्रकारचा दोष जास्त फसवा असतो. वाट तुटलेली नसते, शॉर्टही झालेले नसते, पण एखादा सांधा सैल किंवा गंजलेला असतो आणि तेथे नको असलेला रोध तयार होतो. सांध्याच्या दोन बाजूंमध्ये खरे तर शून्याच्या जवळ व्होल्टेज दिसायला हवे. बल्ब चालू असताना तेथे अर्धा व्होल्ट दिसत असेल तर सांधा खराब आहे. बल्ब बंद ठेवून हा दोष व्होल्टेजवरून सापडत नाही, कारण प्रवाहाशिवाय घट होत नाही. घरच्या वायरिंगमधल्या एका मोठ्या धोक्याचे मूळ याच दोषात आहे.

घरची वायरिंग: तोच परिपथ, मोठ्या व्होल्टेजवर

भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तने पूर्ण करणारी असते. फेजची वायर प्रवाह आणते आणि न्यूट्रलची वायर तो ट्रान्सफॉर्मरकडे परत नेते, असे समजण्यासाठी म्हणता येईल. आवर्तनाच्या प्रत्येक अर्ध्या भागात दिशा उलटत असली तरी फेरी तीच राहते. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरजवळ जमिनीला जोडलेला असतो. जमिनीवर उभा असलेला माणूस फेजला शिवला तर त्याच्या शरीरातून, जमिनीतून आणि ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगमधून परतीची वाट पूर्ण होते. शॉक बसतो तो या फेरीमुळे.

घरातील सर्व उपकरणे समांतर जोडलेली असतात आणि प्रत्येकाचा स्विच त्याच्याशी एकसर असतो. तो स्विच फेजवरच असला पाहिजे. चुकून न्यूट्रलवर बसवला तरी दिवा नेहमीसारखाच लागतो आणि विझतो, त्यामुळे चूक वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. मात्र स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो. एकसर प्रयोगातल्या रिकाम्या होल्डरवर दिसलेले ३ व्होल्ट आठवावेत; येथे तेच २३० असतात आणि बल्ब बदलणाऱ्याचा हात त्यांच्यावर पडतो.

लोडचा हिशेब सोपा आहे: वॉटला २३० ने भागले की अँपिअर मिळतात. २००० वॉटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचेच सॉकेट लागते. १००० वॉटची इस्त्री ४.३ आणि ५०० वॉटचा मिक्सर २.२ अँपिअर घेतो. हे दोन्ही एकाच ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर एकाच वेळी चालवले तर मर्यादा ओलांडली जाते. प्लग छिद्रात बसतो एवढ्यावरून तो बोर्ड तेवढा लोड सोसेल असे ठरवू नये.

उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये दाखवले. त्याचा सर्वांत गंभीर परिणाम सैल सांध्यात दिसतो. समजा, सॉकेटच्या सैल स्क्रूजवळ केवळ अर्धा ओहम रोध तयार झाला आणि त्यातून १० अँपिअर जात आहेत. प्रवाहाचा वर्ग १००, गुणिले अर्धा, म्हणजे ५० वॉट उष्णता त्या इवल्याशा जागेत निर्माण होते. कथील वितळवण्यासाठी वापरले जाणारे साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचे असते. प्रवाह मर्यादेत असल्याने एमसीबी पडत नाही आणि प्लास्टिक जळत राहते. म्हणून सॉकेट काळवंडलेले, पिवळे पडलेले किंवा हाताला गरम लागणारे दिसले तर ते वापरणे त्याच दिवशी थांबवून वायरमनला बोलवावे. माझ्या मते घरातील विजेच्या देखभालीत याहून जास्त दुर्लक्षित गोष्ट दुसरी नाही.

शॉर्ट सर्किटचा आकडाही पाहण्यासारखा आहे. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. बोर्डापासून २० मीटरवर फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले तर जाण्या-येण्याच्या ४० मीटरचा रोध साधारण अर्धा ओहम होतो आणि प्रवाह ४५० अँपिअरच्या पुढे जाऊ शकतो. एमसीबीत दोन यंत्रणा असतात. मर्यादेपेक्षा थोडा जास्त प्रवाह बराच वेळ राहिला तर द्विधातूची पट्टी तापून वाकते आणि स्विच पाडते, तर शॉर्ट सर्किटच्या प्रचंड प्रवाहाला विद्युतचुंबक क्षणार्धात उत्तर देतो. एमसीबी वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो वारंवार पडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवणे म्हणजे वायरीलाच फ्यूज बनवणे आहे.

माणसाचा जीव वाचवणे एमसीबीच्या आवाक्यात नाही. सी प्रकारच्या १६ अँपिअरच्या एमसीबीला तत्काळ पडण्यासाठी पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात, आणि शरीरातून जाणारे काही दशांश अँपिअर त्याच्या खिजगणतीतही नसतात. अर्थिंगचे काम असे की गीझरच्या धातूच्या भागाला आतून फेज लागला तर प्रवाहाला माणसाऐवजी कमी रोधाची दुसरी वाट मिळावी. पण अर्थिंगचा रोध ५ ओहम असेल तर तेथून ४६ अँपिअरच जातील, आणि तेवढ्यावर १६ अँपिअरचा एमसीबी पडायला काही सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. ही उणीव आरसीसीबी भरून काढतो. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची सतत तुलना करतो. त्यांच्यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडण्याच्या आतच, म्हणजे प्रवाह दुसऱ्या एखाद्या वाटेने परत जाऊ लागताच, तो पुरवठा तोडतो. कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर मात्र जाणारा आणि येणारा प्रवाह समान राहतो आणि आरसीसीबीला काहीच कळत नाही. त्यावर ‘टी’ लिहिलेले बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून तो पडतो की नाही हे पाहावे. पडला नाही तर तो बदलून घ्यावा.

न्यूट्रल तुटल्यावर काय होते ते आता सहज समजेल. घरातल्या घरात न्यूट्रल तुटला तर दिवे लागत नाहीत, पण चालू असलेल्या उपकरणांमधून फेज न्यूट्रलच्या वायरीपर्यंत पोहोचतो आणि टेस्टर दोन्ही वायरींवर पेटतो. टेस्टर पेटला म्हणजे परिपथ पूर्ण आहे असे होत नाही. त्याच्या आतल्या मोठ्या रेझिस्टरमधून अत्यल्प प्रवाह आपल्या शरीरावाटे जातो एवढेच त्यावरून कळते. त्या अवस्थेत ‘काळी वायर आहे, म्हणजे न्यूट्रल’ असे समजून हात लावणे जीवघेणे ठरू शकते.

खांबावरचा, तिन्ही फेजना सामाईक असलेला न्यूट्रल तुटला तर परिस्थिती याहून वेगळी होते. दोन वेगळ्या फेजवरची घरे नकळत एकमेकांशी एकसर जोडली जातात आणि दोन फेजमधले ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणी ६० आणि १०० वॉटच्या बल्बप्रमाणेच होते: ज्या घरात कमी उपकरणे चालू आहेत, म्हणजे ज्याचा रोध जास्त, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येते. दिवे एकाएकी झगझगीत होणे, पंखा नेहमीपेक्षा जोरात फिरणे, किंवा एका घरात दिवे मंद आणि शेजारी प्रखर दिसणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी एकेक प्लग काढत बसू नये, कारण प्रत्येक उपकरण बंद करण्याबरोबर आपल्या घराचा रोध वाढतो आणि उरलेल्यांवरचे व्होल्टेज आणखी चढते. सरळ मेन स्विच बंद करावा, शेजाऱ्यांनाही तसे सांगावे, वीज कंपनीला कळवावे आणि न्यूट्रल जोडल्याची खात्री होईपर्यंत तो चालू करू नये.